दरवाजा कुणी, कधी उचलायचा?

मांजरा धरणाला 18 दरवाजे आहेत. 2016 च्या उन्हाळ्यात त्या दरवाजांना काही काम नव्हतं, कारण अडवायला पाणीच नव्हतं. धरण बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, धनेगावला. तहान मात्र लातूर शहराची. त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्टेशनात शिरली. पुढे वाघिणी पन्नास झाल्या आणि एका फेरीत पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवरून रुळांवरून आलेलं कृष्णेचं पाणी लातूरकर ऑगस्टपर्यंत पीत होते.

सप्टेंबर 2021 मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळ ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचा उरलासुरला जोर मराठवाड्यावर रिता झाला. 28 तारखेला मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले. विसर्ग होता 78,397 क्युसेक. नदीकाठी अडकलेल्यांना काढायला बोटी आणि हेलिकॉप्टर लागले.

या दोन तारखांमध्ये साडेपाच वर्षांचंही अंतर नाही. धरण तेच, नदी तीच.

हवामानबदलाला टिकणारी बांधकामं, शाश्वत पायाभूत सुविधा हे शब्द आता प्रत्येक निविदेत आणि प्रत्येक परिसंवादात असतात. चर्चा सहसा सौर दिवे, राखमिश्रित सिमेंट आणि दुतर्फा झाडं यांच्यात रमते. त्यात वाईट काही नाही. लातूर-नांदेडचा प्रश्न मात्र वेगळा आहे. इथे दुष्काळासाठी बांधलेलं काम पुरात कसं वागेल आणि पुरासाठी बांधलेलं काम दुष्काळात काय देईल, या दोन्हींचा हिशेब एकाच नकाशावर मांडावा लागतो. तो हिशेब बहुतेक वेळा काँक्रीटच्या भिंतीपाशी चुकत नाही, दरवाजापाशी चुकतो.

पावसाचे आकडे पाहिले तर हा भाग वाळवंट नाही. लातूरची वार्षिक सरासरी 800 मिलिमीटरच्या आसपास, नांदेडची त्याहून जास्त. पण सरासरी हा फसवा आकडा आहे. जुलै कोरडा जातो, सोयाबीन माना टाकतं आणि सप्टेंबरात परतीचा पाऊस चार दिवसांत महिन्याचं देणं फेडून जातो. खाली काळा बेसाल्ट. त्यात पाणी मुरतं ते भेगांत आणि सच्छिद्र थरांत, तेही मोजकंच. म्हणून बोअर खोल खोल जातात आणि फुफाटा उडवतात.

अशा पावसाला कोल्हापुरी बंधारा कसा पुरणार? या बंधाऱ्याची रचना साधी आणि सुंदर आहे. नदीत खांब उभे करायचे, पावसाळा ओसरला की मधल्या गाळ्यांत लोखंडी पाट्या बसवायच्या, पुढच्या पावसाळ्याआधी काढून ठेवायच्या. पंचगंगेच्या काठी, जिथे पाऊस वेळेवर येतो आणि वेळेवर जातो, तिथे हे शहाणपण उत्तम चाललं. मराठवाड्यात पाट्या सप्टेंबरात लावाव्यात तर परतीच्या पावसाचा लोंढा येतो. त्या हाताने काढेपर्यंत नदी बंधाऱ्याच्या कडेने भराव कापून स्वतःची वाट करून घेते. ऑक्टोबर उलटल्यावर लावाव्यात तर पाणी कधीच तेलंगणात पोचलेलं असतं. शिवाय पाट्या गंजतात, चोरीला जातात, रबर झिजून गळतात.

मांजरेवर यावर उपाय निघाला तो बॅरेजचा. नागझरी, साई, डोंगरगाव अशा ठिकाणी यंत्राने वर-खाली होणारे उभे दरवाजे बसले. लोंढा आला की उचला, ओसरला की टाका. परिसंवादात याला कुणी ‘हवामान-अनुकूलन’ म्हटलं नसेल, पण मराठवाड्यात त्या शब्दाचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही. 2016 च्याच उन्हाळ्यात ‘जलयुक्त लातूर’ चळवळीत लोकांनी वर्गणी काढून साई-नागझरी पट्ट्यात सुमारे 18 किलोमीटर मांजरेचं पात्र रुंद आणि खोल केलं. त्यातून साठा वाढला. त्या साठ्याच्या दोन्ही काठांवर नंतर ऊसही वाढला. पिण्यासाठी अडवलेलं पाणी कुठल्या पिकाला जातं हा प्रश्न बॅरेजच्या आराखड्यात नसतो, आणि लातुरात तो जाहीरपणे विचारणाऱ्याला फारसे मित्रही मिळत नाहीत. पण दर चार-पाच वर्षांनी टँकर लागत असेल, तर बांधकाम कितीही हुशारीचं असो, त्याला शाश्वत म्हणता येणार नाही.

नांदेडला दरवाजाचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. धर्माबाद तालुक्यातला गोदावरीवरचा बाभळी बंधारा 2.74 टीएमसीचा. त्याच्या खाली तेलंगणातल्या श्रीराम सागर, म्हणजे पोचमपाड धरणाचा फुगवटा. जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांसह बाभळीकडे निघाले आणि धर्माबादला अटकेत पडले, तेव्हा हा बंधारा देशभर गाजला. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाने बंधारा राहिला, पण वेळापत्रकासह: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वरच ठेवायचे आणि दरवर्षी 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. दोन राज्यांच्या भांडणात हा तोडगा न्याय्य असेलही. अडचण अशी की तारखा कागदावर पक्क्या झाल्या, पाऊस मात्र कॅलेंडर पाहून येत नाही. ज्या वर्षी पाऊस सप्टेंबरातच आटोपतो, त्या वर्षी 29 ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात तेव्हा नदीत वाहायला फारसं उरलेलं नसतं. आंतरराज्य करारांत प्रत्यक्ष आवक पाहून तारखा मागे-पुढे करण्याची सोय असायला हवी, ही मागणी एकट्या महाराष्ट्राच्या फायद्याची नाही. खालच्या राज्यालाही कधीतरी तिची गरज पडेल.

नांदेड शहराच्या वरच्या अंगाला असलेला विष्णुपुरी प्रकल्प वेगळ्याच कात्रीत सापडला आहे. शंकरराव चव्हाणांच्या नावाचा हा जलाशय उपसा सिंचनासाठी प्रसिद्ध, आणि शहराचं पिण्याचं पाणीही त्यातूनच येतं. त्याची क्षमता 80.79 दशलक्ष घनमीटर. वर पैठणला बसलेल्या नाथसागराची 2,909. शिवाय पूर्णा नदी येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी घेऊन नांदेडच्या वरच गोदावरीला मिळते, सिंदफणा माजलगावचं पाणी आणते. एवढ्या मोठ्या रांजणांखाली ठेवलेला हा तांब्या. उन्हाळ्यासाठी तो काठोकाठ भरून ठेवावा, तर वरून विसर्ग सुटताच काही तासांत दरवाजे उघडावे लागतात आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं. आधीच रिकामा ठेवावा आणि पाऊस फिरला, तर मे महिन्यात शहर तहानलेलं. दरवाजाशी उभ्या असलेल्या अभियंत्याला इथे काँक्रीटपेक्षा वरच्या धरणांचे आकडे वेळेवर मिळणं जास्त मोलाचं असतं.

नदीकाठाचं काय करायचं याचे नियम राज्यात आहेत. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. ही रेषा नकाशावर ठळक असते, गल्लीत मात्र ती दिसत नाही. नेदरलँड्सने 2007 नंतरच्या दशकात तीसहून जास्त ठिकाणी बांध मागे सरकवून, पूरमैदानं खोल करून नदीला जागा परत दिली. निमेखन शहरात त्यासाठी घरंही हलवली. नांदेडला तेवढा पैसा कुणी देणार नाही. पण चौकाचौकांत विजेच्या खांबावर लाल-निळे पट्टे रंगवायला किती लागतो?

‘शंभर वर्षांतून एकदा’ हा आकडा जुन्या नोंदींवरून काढलेला असतो, आणि जुन्या नोंदींवर विसंबण्याची किंमत या भागाने एकदा मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा भारतीय मानकाच्या नकाशात हा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. पुढे 2002 च्या सुधारित मानकात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली. भूकंपाचा आकडा बदलायला एवढे मृत्यू लागले. पावसाचे आकडे आपल्यासमोर दरवर्षी बदलत आहेत.

मुखेड तालुक्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये ते दिसलं. लेंडी प्रकल्प 1980 च्या दशकापासून रेंगाळलेला, महाराष्ट्र आणि तेलंगणाचा भागीदारीचा. 17 आणि 18 ऑगस्टला लेंडीच्या क्षेत्रात 206 मिलिमीटर पाऊस झाला, वर लातूर-उदगीर आणि कर्नाटकातूनही पाणी आलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्याने वेढली गेली. रावणगावात सव्वादोनशे माणसं अडकली, हसनाळमध्ये माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. पुनर्वसन पुरं होण्याआधीच धरणाची घळभरणी झाली, असा गावकऱ्यांचा आरोप आहे. भिंत आधी आणि माणसं नंतर, हा क्रम राज्यातल्या धरणांना नवा नाही. पूर्वी या दिरंगाईत गावं वर्षानुवर्षं अर्धवट जगत. आता मधे एक रात्र दोनशे मिलिमीटरची येऊ शकते.

रस्त्यांचीही गोष्ट याच पाण्याशी आणि मातीशी बांधलेली आहे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. तिच्यावर थेट टाकलेला रस्ता कडेने खचतो आणि कालव्याच्या अस्तराचे तुकडे उचलले जातात. आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांनी याला उत्तर शोधलं होतं: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा पुरेसा जाड थर द्यायचा. तंत्र दशकांपूर्वीचं आहे. प्रत्यक्ष कामात थर किती जाडीचा पडला आणि दबाई किती झाली, हे मोजणारा माणूस लागतो.

त्याहून मोठी चिंता उंच भरावाची. तुळजापूर-लातूर-नांदेड-नागपूर महामार्ग झाला, 179 किलोमीटरचा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग येतो आहे. असा भराव शिवारातून आडवा गेला आणि त्याच्या मोऱ्या जुन्या पावसाच्या हिशेबाने ठेवल्या, तर रस्ताच बांध होतो. वरच्या बाजूची पिकं कुजतात, खालच्या विहिरी कोरड्या पडतात. उलट बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाचा मुरूम तलाव आणि नाले खोल करून काढला गेला. रस्त्याला भराव मिळाला, गावाला साठा मिळाला, आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून तो पुढे अभ्यासला गेला. नवा मार्ग आखताना प्रत्येक ग्रामसभेने कंत्राटदाराला दोन प्रश्न विचारावेत: मुरूम कुठून घेणार आणि मोऱ्या किती ठेवणार?

या मुलखाला पाणी सांभाळण्याची सवय नव्याने लावायची नाही. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हजार वर्षांनंतरही आहे. तो टिकला याचं कारण बांधणाऱ्यांच्या कौशल्यात आहे, तसंच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्यांतही आहे. सांभाळणं थांबलं की काय होतं ते तुंगभद्रेवर दिसलं. हैदराबाद आणि मद्रास राज्यांनी मिळून बांधलेल्या या धरणाच्या एकोणिसाव्या दरवाजाची साखळी 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरण भरलेलं होतं. तात्पुरत्या पोलादी पाट्या उतरवून वाट बुजवेपर्यंत आठवडा गेला आणि साठवलेलं कितीतरी पाणी नदीत गेलं. सत्तर वर्षांच्या भिंतीला काही झालं नव्हतं.

नव्या धरणाचं भूमिपूजन होतं, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. दरवाजाच्या तारदोराला वंगण घालण्याचा, रबराची सील बदलण्याचा, डिझेल जनित्र चालवून पाहण्याचा समारंभ कुणी करत नाही. देखभालीच्या खर्चाला अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लागते, आणि ती लावणाऱ्याला जाब विचारणारा मतदारसंघच नसतो.

धरण सुरक्षा कायदा, 2021 हा जाब विचारण्याची एक संधी देतो. पंधरा मीटरहून उंच धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी त्याने बंधनकारक केली आहे. दरवाजे उघडले तर कोणती गावं, कोणत्या वस्त्या पाण्याखाली जातील हे सांगणारा आपत्कालीन कृती आराखडा जुन्या धरणांसाठी पाच वर्षांत तयार झाला पाहिजे, असंही त्यात आहे. कायदा 30 डिसेंबर 2021 ला लागू झाला, म्हणजे मुदत 30 डिसेंबर 2026 ला संपते. मांजरा, तेरणा, मन्याड आणि गोदावरीच्या काठी राहणाऱ्या वाचकांनी आपल्या ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जाऊन हा आराखडा मागावा. तो मराठीत असावा, त्यात आपल्या गल्लीचं नाव असावं, आणि दरवाजा उचलण्याआधी किती तास फोन येणार हे त्यात लिहिलेलं असावं.