ढग तोच, झुडूपही तेच!

मित्रांनो, आधीच सांगतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच सांगायचा आहे, कारण तो मला कळला तेव्हा हॉस्टेलच्या रूमवर आमची मराठीतच भांडणं चालली होती!

झालं असं, की आमचा मिनी प्रोजेक्ट म्हणजे एक गेम. माझ्या लॅपटॉपवर मस्त पळायचा. लॅबमधल्या २ जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर मात्र एक्स्टर्नल सरांसमोर जो हँग झाला, तो झालाच. सर एवढंच म्हणाले, "मेमरी कुठे गेली याचा हिशोब करा. परवा पुन्हा बघू." ग्रुपमध्ये आम्ही चौघं आणि कोड माझा. म्हणजे बाकी तिघांचे मार्क माझ्यामुळे अडकले.

मग हिशोबाला बसलो. गेममध्ये १२० चित्रं, प्रत्येक १९२० × १०८० पिक्सेलचं. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक चित्र साधारण ८ एमबी. १२० चित्रांचे जवळपास १ जीबी! आणि मी ती सगळी सुरुवातीलाच लोड करत होतो. शहाणाच!

तेव्हा रूममेट म्हणाला, "अरे, मारिओ किती केबीचा होता माहितीये का?"

१९८५ साली निन्टेन्डोने काढलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' फक्त ४० केबीचा होता. मशीनची मुख्य रॅम २ केबी. पडदा २५६ × २४० पिक्सेलचा. एका पिक्सेलला २ बिट जरी धरले, तरी एका पडद्याचं चित्र १५ केबीचं होतं. म्हणजे तीन चित्रांतच कार्ट्रिज भरून वर सांडणार! मग एवढ्या लेव्हल्स बसल्या कशा?

उत्तर आहे टाइल. पूर्ण चित्र साठवायचंच नाही. ८ × ८ पिक्सेलचे छोटे तुकडे साठवायचे, एकेक फक्त १६ बाइटचा. पार्श्वभूमीसाठी असे २५६ तुकडे आणि पात्रांसाठी २५६, मिळून ८ केबी. कुठे कोणता तुकडा लावायचा, त्याचा नुसता नंबर ठेवायचा. घरात फरशी बसवतात ना, अगदी तसंच.

त्यात आणखी गंमत म्हणजे मारिओमधला ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे! रंग पांढरा केला की ढग, हिरवा केला की झुडूप. आणि तो तपकिरी गुम्बा चालतो कसा? एकच चित्र डावीकडून उजवीकडे उलटवत राहायचं, की पावलं पडल्यासारखी वाटतात.

आम्हीही रात्रभर बसून ६४ × ६४ पिक्सेलच्या २०० टाइल्स केल्या. एक टाइल १६ केबीची, सगळ्या मिळून साधारण ३ एमबी. परवा त्याच पीसीवर गेम चालला. सर हसले, चौघांचे मार्क वाचले.

आज काही गेम १०० जीबीच्याही वर जातात. बारीक तपशिलांची चित्रं हवीत तर जागा लागणारच, त्यात चूक काही नाही. पण युनिटीसारख्या आजच्या इंजिनातही टाइलमॅप आहेच. मशीन मोठं झालं, म्हणून हिशोब संपला नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी प्रोग्राम हँग झाला, तर लगेच पीसीला शिव्या घालू नका. आधी कागद-पेन घ्या आणि गुणाकार करा!