दुधाळ्याची शांतता

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. विमानाने येणारा माणूस नांदेडला उतरतो आणि तिथून साठेक किलोमीटर गाडीने औंढा नागनाथला येतो. नांदेडचा विमानतळही तसा लहानच. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दी सोहळ्याला देशभरातून शीख भाविक येणार म्हणून त्याचं रूप पालटलं. त्याच वर्षी पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला आणि हिंगोलीला ब्रॉडगेजची गाडी लागली. तोवर मीटरगेजवर भागत होतं. जिल्हा म्हणून हिंगोली 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा निघाला. पाच तालुके, सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद. साखर कारखाने सोडले तर मोठा उद्योग नाही. इथल्या माणसाला गावाबद्दल विचारलं की तो आधी हेच सांगतो, की आमच्याकडं काय हाय?

औंढ्याजवळच्या दुधाळा या गावाची निवड झाली ती मात्र याच ‘नाही’मुळे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लिगो-इंडिया’ वेधशाळा दुधाळ्याच्या शिवारात उभी राहणार आहे. मोठी रेल्वे, महामार्ग, कारखाने आणि समुद्र या सगळ्यांपासून लांब, जिथे जमीन कमीत कमी थरथरते अशी जागा शास्त्रज्ञांना हवी होती. देशभरातल्या अनेक जागा पाहिल्या गेल्या. ज्याला आपण वर्षानुवर्षं मागासलेपण म्हणत आलो, तेच इथे पात्रता ठरलं.

मी गेलो तेव्हा महाशिवरात्रीची जत्रा आटोपली होती आणि हळद शिजवायचे दिवस होते. रस्त्यालगतच्या शेतात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ कुकर लावलेला. पूर्वी गुळाच्या कढईसारख्या मोठ्या कढईत पाणी उकळून हळद शिजवत. आता बॉयलरची वाफ पिंपांत सोडतात आणि तेच काम थोड्या वेळात उरकतं. पिंपाचं तोंड उघडलं की पिवळट पाण्याबरोबर वाफेचा लोट येतो, आणि त्याला ओल्या मातीचा आणि किंचित कडवट असा वास असतो, जो मसाल्याच्या पुडीतल्या हळदीला कधीच येत नाही. शिजलेली कांडी मोडून पाहायची, अंगठ्याने दाबायची. बरोबर शिजली असेल तर ती आतून एकसारखी दिसते. मग आठ-पंधरा दिवस उन्हात वाळवण, पॉलिश, आणि कांडी वेगळी, गट्टू वेगळा करून बाजारात. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात मराठवाडा-विदर्भातून हळद येते, आणि 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या शेतातल्या बायकांचे हात मनगटापर्यंत पिवळे होते.

औंढा गाव देवळाभोवती वसलेलं आहे. आमर्दक हे त्याचं जुनं नाव सांगतात. मराठी माणसाच्या मनातलं आठवं ज्योतिर्लिंग हेच. गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराचाही तोच दावा आहे, पण इथे त्या वादाची कुणाला फिकीर नाही. देवळाचा खालचा भाग काळ्या पाषाणातला, यादवकाळातला, आणि शिल्पांनी इतका भरलेला, की एका कोनाड्यापाशी थांबलं तर प्रदक्षिणा पुरी होत नाही. हत्तींच्या ओळी, देवदेवता, नर्तकी, मध्येच एखाद्या मूर्तीचा हात तुटलेला, चेहरा गेलेला. वरचं पांढरं शिखर नंतरच्या काळातलं. खालचा काळा दगड आणि वरचा चुना यांचा सांधा लांबूनही कळतो. मला तो सांधा आवडतो. देऊळ पडलं, मोडलं आणि पुन्हा उभं केलं, हे तो लपवत नाही.

लिंग जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून, जवळजवळ बसतच, भुयारासारख्या गाभाऱ्यात उतरावं लागतं. खाली छत इतकं बुटकं की उभं राहता येत नाही. आठ-दहा माणसं एकमेकांना चिकटून बसलेली, ओलसर दगड, बेलाचा वास, आणि वरच्या सभामंडपातला गलका एकदम नाहीसा झालेला. बाजूच्या आजीबाईंनी पिंडीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. कुणी त्यांना घाई केली नाही.

नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. त्यामागची कथा इथली लहान मुलंही सांगतात. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवलं, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी होता तिथेच राहिला. नामदेवांना गुरू भेटले तेही इथेच, असं परंपरा मानते. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. जिथे पाय ठेवावा तिथे पिंड उगवली. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी याच जिल्ह्यात, कयाधू नदीकाठी. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, म्हणून नांदेडला आलेले पंजाबातले भाविक नरसीलाही येतात. आडबाजूच्या या मुलखाचं दूरदेशाशी नातं विमानतळाआधी सातशे वर्षांपासूनचं आहे.

आता दुधाळा. गावाबाहेर काळी जमीन संपून मुरमाड माळ सुरू होतो. प्रकल्पाची जागा सुमारे 174 एकर. ऐकताना ही जागा फार वाटत नाही, पण वेधशाळेचा आकार इमारतीसारखा नसतोच. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब. प्रत्येक भुजेत पोलादी नळी, सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची, आणि तिच्यात जवळपास पूर्ण निर्वात. कोपऱ्यावर लेझरचा किरण दुभागून दोन्हीकडे सोडायचा, टोकाच्या आरशांवर आपटवून परत आणायचा, आणि दोन्ही किरण एकमेकांत मिसळून पाहायचे. चाळीस-चाळीस किलोचे ते आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले असतात, म्हणजे जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोचू नये. अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढी.

असं मोजता येईल यावर फार काळ कुणाचा विश्वास नव्हता. आइन्स्टाइनने 1916 मध्ये या लहरींचं भाकीत केलं; त्या सापडायला 14 सप्टेंबर 2015 उजाडला. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन वेधशाळांनी त्या दिवशी 130 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर टिपली. दोन्ही ठिकाणांत तीन हजार किलोमीटर अंतर, आणि लहर पोचण्यात सात सहस्रांश सेकंदांचा फरक. त्या फरकावरूनच लहर कुठून आली याचा अंदाज बांधतात. रात्री शेतात कुणी हाक मारली तर दोन कानांमुळे दिशा कळते, तसंच हे. पण दोन कानांनी नेमकी जागा सापडत नाही, म्हणून इटलीत पिसाजवळ ‘व्हर्गो’ आहे, जपानमध्ये ‘काग्रा’ आहे, आणि म्हणून पृथ्वीच्या या बाजूला दुधाळा हवं आहे.

या शोधात मराठी माणसाचा वाटा आहे, आणि तो हिंगोलीच्या पोरांना माहीत असायला हवा. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत संजीव धुरंधर यांनी 1990 च्या सुमारास, म्हणजे लहरी सापडण्याच्या पंचवीस वर्षं आधी, गोंगाटातून लहरीचा माग कसा काढायचा याचं गणित मांडायला घेतलं. आज वापरात असलेल्या पद्धतींच्या मुळाशी ते काम आहे. ज्या गोष्टीचा पुरावा आपल्या हयातीत मिळेल की नाही हे ठाऊक नाही, तिच्यासाठी माणूस अशी वर्षं देतो, याचं मला फार मोल वाटतं.

फेब्रुवारी 2016 मध्ये भारतातल्या प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी मिळाली. 6 एप्रिल 2023 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटी रुपयांना मान्यता दिली आणि त्याच वर्षी 11 मे रोजी पायाभरणी झाली. मधली सात वर्षं इथल्या लोकांनी ‘लिगो येणार, लिगो येणार’ एवढंच ऐकलं. ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी ती सात वर्षं लांबच होती.

शांततेची व्याख्या या कामात किती कडक आहे, याचा एक किस्सा हॅनफर्डचा आहे. 2017 मध्ये तिथल्या नोंदींत अधूनमधून एक खट्ट-खट्ट असा आवाज येऊ लागला. शोधलं तर बाहेरच्या थंड नळीवर बर्फ साचला होता आणि तहानलेले डोमकावळे चोच मारून तो फोडत होते. लिव्हिंग्स्टनला जवळून मालगाडी गेली किंवा जंगलात झाड तोडलं तरी यंत्राला कळतं. मग दुधाळ्यालगत खडी क्रशर चालला तर काय होईल?

आणि भूकंप? औंढा आणि वसमत तालुक्यातल्या काही गावांत वर्षानुवर्षं जमिनीखालून गूढ आवाज येतात. लोक रात्री घराबाहेर येऊन बसल्याच्या बातम्या आपण वाचतो. 2024 मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. लगेच प्रश्न आला की जागा चुकली का? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण वेधशाळेला धोका असतो तो रोजच्या, अखंड थरथरीचा. वाहतूक, कारखाने, समुद्राच्या लाटा यांच्या गुणगुणीचा. भूकंप आला की अमेरिकेतली यंत्रंही काही काळ आंधळी होतात, मग पुन्हा जुळवली जातात. पायाचं आणि इमारतीचं काम भूकंप गृहीत धरून व्हायला हवं. आणि ज्या गावांत आवाज येतात, तिथल्या लोकांना नीट उत्तर मिळायला हवं. जिथे जगातलं सर्वांत नाजूक कंपन मोजलं जाणार आहे, तिथल्याच माणसाला आपल्या घराखालचं कंपन कशाचं हे कुणी सांगू नये, हे मला पटत नाही.

जपानची काग्रा वेधशाळा मला यासाठीच आठवते. ती कामिओका नावाच्या डोंगरी गावाजवळ आहे. विमानाने तोयामाला उतरायचं, तिथली धावपट्टी जिंझू नदीच्या पात्रालगतच्या सखल पट्ट्यावर आखलेली आहे. मग त्याच नदीच्या उगमाकडे चढत जायचं. कामिओका म्हणजे जस्त-शिशाच्या खाणींचं गाव. खाणीतलं कॅडमियम नदीत उतरलं, खालच्या भातशेतीत गेलं, आणि हाडं ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग आला. शब्दशः अर्थ ‘दुखतंय-दुखतंय’. 1968 मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. 2001 मध्ये खाणकाम थांबलं, 2006 मध्ये रेल्वेही बंद झाली. पण त्याच डोंगराच्या पोटात पाण्याच्या प्रचंड टाकीत न्यूट्रिनो टिपले गेले, आणि तिथल्या कामावर 2002 आणि 2015 अशी दोन नोबेल पारितोषिकं आली. जपानची जमीन फार हलते, म्हणून काग्राच्या तीन-तीन किलोमीटरच्या भुजाही डोंगराखाली खोदल्या.

त्या गावाने केलेली एक गोष्ट आपण उचलावी. 2019 मध्ये त्यांनी हमरस्त्यावरच्या थांब्यातच, जिथे ट्रकवाले आणि प्रवासी चहा-जेवणाला उतरतात, विज्ञानाचं छोटं संग्रहालय उघडलं. डोंगराच्या आत काय चाललंय ते गाडी थांबवणाऱ्या कुणालाही कळतं. औंढ्याच्या बसस्थानकासमोर असं एक दालन हवं. देवदर्शनाला राज्यभरातून माणसं येतातच. नारळ-बेलाची पिशवी हातात घेतलेल्या मावशींना कुणीतरी मराठीत सांगावं, की तुम्ही आत्ता बसलात तिथून थोड्या अंतरावर आभाळाचा कानोसा घेणारं यंत्र बसतंय. आयुकाची माणसं इथल्या शाळांत येतात, मुलांशी बोलतात. त्या कामाला कायमची जागा मिळावी.

संध्याकाळी मी एका भुजेएवढं अंतर पायी चालून पाहायचं ठरवलं. दुधाळ्याच्या शिवाररस्त्याने चार किलोमीटर. मावळतीला तासभर होता, पळस फुललेला, हरभरा निघालेला. पहिल्या पंधरा मिनिटांत विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आला, मग शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, मग कुणाच्या तरी मोबाइलवरचं भजन. पुढे बराच वेळ फक्त माझ्याच पायाखालचा मुरूम वाजत होता. चालून संपायला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागला. उभा राहिलो तेव्हा लांबच्या रस्त्यावरून औंढ्याकडे जाणारी एसटी दिसली. ती झाडांआड गेली, तरी तिचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.