एखादा शोध पुन्हा करून कधी आणि कसा बघायचा? एलके-९९ ची गोष्ट

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी दावा केला की, एलके-९९ हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला आणि हवेच्या साध्या दाबाला सुपरकंडक्टर आहे. म्हणजे त्यातून वीज अजिबात रोध न होता वाहते. जगभरच्या प्रयोगशाळा लगेच तो बनवून बघायला लागल्या.

पण रोज हजारो शोधनिबंध येतात. मग हाच का? अशा वेळी मी तीन प्रश्न विचारतो.

१. खरं निघालं तर फरक किती पडेल? इथे प्रचंड. वीज वाहून नेताना होणारी गळती टळली असती.

२. शंकेला जागा आहे का? होती. निबंधाची तज्ज्ञांकडून समीक्षा झाली नव्हती. व्हिडिओत तुकडा चुंबकावर पूर्ण तरंगत नव्हता, एक कड टेकलेलीच होती.

३. खर्च किती? शिसं, तांबं, फॉस्फरस, गंधक आणि ९२५ अंश सेल्सिअसपर्यंत जाणारी भट्टी. काही दिवसांचं काम! हिग्ज बोसॉनसाठी मात्र दुसरा महाकाय कोलायडर कोण बांधणार? म्हणून तिथे एकाच यंत्रावर अ‍ॅटलास आणि सीएमएस असे दोन स्वतंत्र प्रयोग आधीपासूनच ठेवले होते.

आता, कसं करायचं?

यश कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. सुपरकंडक्टर म्हणायचं तर रोध शून्य हवा आणि पदार्थाने चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलायला हवं.

मग दिलेली कृती जशीच्या तशी करा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने नमुना बनवला, पण त्यात सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही.

माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. 'आम्हाला नाही दिसलं' एवढ्यावर थांबलं, तर मूळ गट म्हणणार, 'तुमचा नमुना बिघडला असेल.' म्हणून त्यांना जे दिसलं ते का दिसलं, हेही शोधावं लागतं. बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी नमुन्यात उरणाऱ्या कॉपर सल्फाइडकडे बोट दाखवलं. साधारण १०४ अंशांना त्याची रचना बदलते आणि रोध एकदम घसरतो. कोरियन नमुन्यातली घसरणही तिथेच होती! जर्मनीच्या मॅक्स प्लांक संस्थेने मग ही भेसळ नसलेला स्फटिक बनवला. तो चक्क विद्युतरोधक निघाला.

ऑगस्ट संपायच्या आत विषय जवळपास मिटला. पुढचा 'क्रांतिकारी शोध' व्हॉट्सअ‍ॅपवर आला की, फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: दुसऱ्या कोणी तो स्वतंत्रपणे करून बघितलाय का?