राजमाचीची वाट

पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी खडकी स्थानकावर पहाटेच्या लोणावळा लोकलमध्ये पाठीवर पिशव्या बांधलेल्या तरुणांचे घोळके चढताना दिसतात. दोन दिवसांचा शिधा, पांघरूण, विजेरी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड एवढाच त्यांचा संसार. सुमारे सव्वा तासात गाडी लोणावळ्यास पोहोचते. तेथून तुंगार्लीवरून राजमाचीकडे सुमारे १५ किलोमीटरची वाट जाते. सह्याद्री समजून घ्यावयाचा असेल, तर तिच्यासारखी पाठशाळा दुसरी क्वचितच सापडेल.

लोणावळा सह्याद्रीच्या माथ्यावर वसले आहे. पुण्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यात तो ४००० मिलिमीटरहूनही अधिक पडतो. या पाण्याच्या वाटा मात्र वेगवेगळ्या आहेत. इंद्रायणी पूर्वेकडे वळते आणि भीमा व कृष्णा यांच्या संगतीने बंगालच्या उपसागरापर्यंत प्रवास करते. उल्हास नदी पश्चिमेच्या दरीत उतरते आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. जवळजवळ पडलेले दोन थेंब अशा रीतीने दोन भिन्न समुद्रांना जातात!

वाटेवर ठिकठिकाणी ओढे आडवे येतात आणि कड्यांवरून धबधबे कोसळताना दिसतात. हे धबधबे कसे घडले? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर पडला व त्याचे थरावर थर साचून हा काळा पाषाण बनला. त्यांतील काही थर कठीण, तर काही ठिसूळ आहेत. वाहते पाणी ठिसूळ थर लवकर झिजवते. कठीण थर पायरीसारखा पुढे उरतो आणि त्यावरून पाणी खाली झेप घेते.

हा पाषाण पाणी फारसे शोषून घेत नाही. त्यामुळे माथ्यावर जोराची सर आली की सारे पाणी उतारावरून धावत सुटते आणि घोटाभर पाण्याचा ओढा पाहता पाहता कमरेएवढा होतो. गंमत अशी, की ओढ्याकाठी त्या वेळी कदाचित ऊनही पडलेले असते! ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच अकस्मात वाढलेल्या पाण्यात वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती.

पाणी वाढण्यापूर्वी ओढा बहुधा इशारा देतो. नितळ पाणी गढूळ होते, पालापाचोळा व काटक्या वाहत येऊ लागतात, खळखळाटाची घरघर होते. ही चिन्हे दिसताच जाणता प्रवासी काठावरून उंच जागी जातो. अलीकडे असेल तर पलीकडे जाण्याची घाई करीत नाही. सर ओसरली, की डोंगरी ओढा बहुधा काही तासांत उतरतो. तोवर थांबण्यात भित्रेपणा नाही, शहाणपण आहे. मित्रांपैकी एकाने जरी 'नको' म्हटले, तरी सर्वांनी थांबावे, हा अशा प्रवासाचा पहिला नियम होय.

सायंकाळी राजमाचीच्या पायथ्याचे उधेवाडी गाव येते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले त्याच्या माथ्यावर पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत. कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या बोरघाटाच्या व्यापारी मार्गावर येथूनच नजर ठेवली जाई. दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांवरून कर्जतकडे उतरता येते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या या बौद्ध लेण्यांच्या दर्शनी भागावर पावसाळ्यात पाण्याच्या धारा पडद्यासारख्या कोसळत असतात.

खडकीच्या काठाने वाहणाऱ्या मुळेचे पाणीही याच सह्याद्रीतून येते. डोंगरात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी ओढ्यातून नदीत आणि नदीतून गावोगावी जाते. म्हणून नेलेले सारे परत आणावे, वाटेवर केवळ पावलांचे ठसे उमटावेत आणि निघालेल्यांपैकी प्रत्येक जण सुखरूप घरी परतावा. असे झाले तरच सहल सफल झाली असे म्हणता येईल.