गिरणगावची खानावळ आणि उधारीचं गणित

मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत दहा बाय दहाच्या खोलीत चूल पेटायची, ती पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून एकटे आलेले गिरणी कामगार तिथे जेवायचे : भाकरी, उसळ, भात, कधी सुकटीचं कालवण. पैसे मात्र पगार झाल्यावर.

खरी गोम इथेच होती. महिनाभर माणसं जेवणार उधारीवर, पण तांदूळ, तेल, रॉकेल खानावळ चालवणाऱ्या बाईने आणायचं कुठून? एक तर वाण्याच्या वहीवर, नाहीतर सावकाराकडून चढ्या व्याजाने. मंगळसूत्र गहाण पडणं नवलाचं नव्हतं. हजारोंचं पोट भरणारी ही व्यवस्था स्वतः कर्जात बुडालेली होती आणि तिला कोणी धंदा म्हणायलाही तयार नव्हतं.

गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी नेमकं हेच ओळखलं. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतंच. त्याचा आधार घेत खानावळवाल्या बायकांचे गट बांधून, एकमेकींच्या जामिनावर त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. दानधर्म नव्हे, रीतसर कर्ज. सावकाराचं व्याज सुटलं की ताटातलं कालवण पातळ करावं लागत नाही, इतका साधा हिशेब.

1982 च्या गिरणी संपाने गिऱ्हाईकच उखडलं. तरी मंडळ टिकलं आणि 2002 मध्ये पुरव यांना पद्मश्री मिळाली. अन्नसुरक्षेच्या चर्चेत गोदामं आणि रेशनकार्डांपुढे आपण क्वचितच जातो. रांधणाऱ्या हाताला भांडवल कोण देतं, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे.