घोळ माशाच्या पोटातला माल

कापडवाल्याने माशावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण माल कोणताही असो, त्याची जात ओळखल्याशिवाय भाव कळत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेच्या आसपास घोळ मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटीहून अधिक रुपये झाले. एवढे महाग काय आहे त्यात?

घोळ हा उष्ण समुद्रातला, तळाशी वावरणारा मासा. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो सापडतो. किनाऱ्यालगतचा चिखलाचा तळ, साधारण साठ मीटरपर्यंत खोल पाणी, ही त्याची जागा. कोळंबी, खेकडे, लहान मासे खाऊन तो पाच फुटांपर्यंत वाढतो.

मांस चांगलेच, पण खरी किंमत पोटातल्या हवेच्या पिशवीची. तिच्या आधाराने मासा पाण्यात तोल सांभाळतो, आणि स्नायूंनी ती थरथरवून ढोलासारखा आवाज काढतो. हीच पिशवी सुकवून हाँगकाँग, सिंगापूरला जाते. चिनी लोक तिचे सूप करतात. नराची पिशवी जाड, म्हणून भावही जास्त. एकाच माशाच्या दोन जातींना दोन भाव, हे आपल्या गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही!

धोका इथेच आहे. पावसाळ्याच्या सुमारास घोळ अंडी घालायला थव्याने जमतो. मलेशियाच्या किनाऱ्यावर तर पाण्यात डोके बुडवून, नुसत्या आवाजावरून अशा माशांचा थवा शोधणारे जाणकार होते. एका जाळ्यात सारा थवा आला की त्या दिवशी बोटवाला खूश, पण पुढच्या हंगामाची अंडी त्याच जाळ्यातून बाजारात गेली. गुजरातने 2023 मध्ये घोळला राज्यमासा ठरवले. त्याच्या पिशवीचा भाव मात्र परदेशातच ठरतो.