धुऱ्यावरची तूर आणि तीन सेकंद

गोंदियाजवळच्या नागऱ्यात रोवणी झाली की बांधीत पाणी उभं राहतं. ‘धानाला पाणी लागतं का?’ असं शाळेत विचारलं, तर अख्खा वर्ग ‘हो’ म्हणून मोकळा. ‘धुऱ्यावरची तूर साचल्या पाण्यात सडते, मग धान का सडत नाही?’ यावर मात्र डोकं चालवावं लागतं. (धानाच्या खोडा-मुळांतल्या पोकळ्यांतून हवा खाली पोचते.) असा विचार करायला वेळ हवा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गातली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, कारणं आली, गप्प मुलंही बोलली. चुकीच्या उत्तराला वर्ग हसत असेल, तर मात्र ३० सेकंदही अपुरेच.